पुसून झिजलेली गाडी

"रंग देऊन टाक तिला," बाबा म्हणाले आणि डाव्या पायातला मोजा काढून हातात धरून बसून राहिले. उजवा मोजा पायातच. आम्ही नुकतेच जुन्या गाड्यांच्या मेळाव्यातून परतलो होतो, किल्ली अजून माझ्या बोटात लटकत होती, आणि आई स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पुढे धरून, शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरसारखी उभी होती. "का? काय झालं तिकडे?" तिने विचारलं. बाबा मोज्याकडे बघत होते. मी म्हणालो, "काही नाही, ऊन लागलं असेल त्यांना." दिवसभर ढग होते. आईने खिडकीतून आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हात पुसायला आत गेली. एकदा खोटं सुरू झालं की माणूस हवामानाबद्दलसुद्धा बोलून जातो, आणि हवामानाची पंचाईत अशी की ते कुणालाही तपासून बघता येतं.

तिकडे झालं होतं ते एवढंच. मैदानावर गाड्या ओळीने लावलेल्या, प्रत्येकीपुढे तिचा मालक पोट पुढे काढून उभा, आणि मेळावा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष हात मागे बांधून एकेका गाडीपाशी थांबत पुढे सरकत होते. अध्यक्षांचे स्वतःचे केस रंगवलेले होते, पण गाडीला रंग दिलेला त्यांना खपत नसे. बाकीच्या बहुतेक गाड्या नव्याने रंगवलेल्या, लग्नात नवरीपेक्षा तिची मावशीच जास्त नटून यावी तशा. आमची पारवी. म्हणजे एके काळी पारवी. आता कुठे फिकट, कुठे खडूसारखी, आणि बॉनेटवर तर पारव्याखालचा तांबूस प्रायमर वर आलेला. अध्यक्ष तिच्यापुढे वाकले, तळहात पत्र्यापासून जरासा वर धरून, तापातल्या माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा फिरवला. "मूळ रंग!" ते म्हणाले. "कारखान्यातून आला तोच. या रंगाला आजवर कुणी हात लावलेला नाही." मला हसू यायला हवं होतं, कारण आमच्या बाबांनी आयुष्यभर त्या रंगाला हात लावण्यापलीकडे दुसरं काही केलेलंच नाही. पण अध्यक्षांनी मान वर करून विचारलं, "झीज एवढी, म्हणजे भरपूर फिरलेली दिसते?" भोवती माणसं जमली होती, त्यांच्या गळ्यात कॅमेरे होते, आणि मी म्हणालो, "हो, बाबा फार फिरायचे. समुद्राच्या कडेकडेने. खारं वारं लागून लागून असं झालंय." कुणीतरी "वा!" म्हणालं. त्या एका "वा"वर मी बाबांना एक घाटही चढवला. धुक्यात, एका हाताने स्टिअरिंग धरून, दुसऱ्या हाताने काच पुसत. घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा लक्षात आलं की बाबा माझ्या मागेच उभे आहेत. डिकीतून फडकं आणायला गेले होते ते कधी परत आले कोण जाणे. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून लांब कुठेतरी, माझा तो समुद्र जिथे असायला हवा होता तिकडे बघत होते.

बाबांना गाडी चालवता येत नाही. कधीच येत नव्हती. विम्याच्या कंपनीत ते सर्व्हेअर होते, म्हणजे अपघात झालेल्या गाड्या तपासायला जायचे, बसने. संध्याकाळी घरी आले की बूट काढता काढता सांगायचे, "आज एक पांढरी होती." आई विचारायची, "कशी होती?" बाबा म्हणायचे, "होती." तेवढ्यावर आमचं जेवण व्हायचं. अशा माणसाने गाडी घेतली, कारण लग्न झाल्यावर आईने एकदा हौसेने म्हटलं होतं की आपली एक गाडी हवी. "गाडी हवी म्हटलं," आई अजून येईल त्याला सांगते, "तिच्यातून फिरायचंही आहे हे वेगळं सांगावं लागतं, हे मला मेलीला काय ठाऊक!" दुकानाच्या माणसाने ती नवी कोरी आणून इमारतीखालच्या खांबांमध्ये लावली, किल्ली बाबांच्या हातावर ठेवली आणि गाडी पोचली. कायमची पोचली. बाबा रविवारी बादली घेऊन खाली जायचे. आधी धुणं, मग पुसणं, मग कोरडं पुसणं, मग पुसल्याच्या रेघा पुसणं. मग इंजिन सुरू करून स्वतः बाहेर येऊन उभे राहायचे. घरच्या कुणी गायला सुरुवात केली की नाइलाजाने शेवटपर्यंत ऐकावं लागतं, तसे ऐकायचे. आणि मग कूस बदलायची. हा शब्द त्यांचाच. एका जागी उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात, म्हणून या रविवारी वीतभर पुढे, पुढच्या रविवारी वीतभर मागे; अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून वळवतात तसं. मी मागून ढकलायचो, आई दारातून हात घालून स्टिअरिंग धरायची, बाबा समोर उभे राहून "येऊ दे, येऊ दे, बास बास!" करायचे, आणि वीतभर प्रवास करून आम्ही तिघं दमूनभागून वर यायचो. कधी आई चांगले कपडे घालून खाली यायची. मग आम्ही आत बसायचो. बाबा स्टिअरिंगपुढे, आई शेजारी, मी मागे, समोर खांब. "छान वाटतंय," आई म्हणायची. येणारेजाणारे खिडकीत वाकून विचारायचे, "काय मंडळी, कुठवर आलात?" इमारतीत बाबांना सगळे पुसणीस म्हणत. तोंडावर नाही, पण तोंडावर ऐकू येईल अशा बेताने.

त्यामुळे त्या गाडीची झीज ही रस्त्याची झीज नाही. ती नीट बघितली तर सगळी गोल गोल आहे, उजव्या हाताची, आणि बाबांचा हात जिथे सहज पोचतो तिथे जास्त. दाराच्या वरच्या कडेशी, बॉनेटच्या दोन्ही बाजूंना, चाकांवरच्या मडगार्डांवर पार प्रायमरपर्यंत. टपाच्या मधोमध मात्र त्यांचा हात कधीच पोचला नाही, तिथे एक लांबट बेट आहे, अगदी पहिल्या दिवसासारखं पारवं, आणि वय होत गेलं तसा हात आखूड पडत गेला म्हणून त्या बेटाच्या कडेने फिकट होत गेलेले किनारे आहेत. आतून दार उघडलं की बिजागरीपाशीही तोच मूळ रंग. बाकी गाडीभर बाबा आहेत. एका माणसाची उंची, त्याचा हात, कुठे वाकवत होतं आणि कुठे वाकवेनासं झालं, सगळं. हे सगळं मला मेळाव्यातच माहीत होतं, त्या समुद्राच्या आधी. माहीत नसतं तर बरं झालं असतं. न कळून बोललो असं तरी म्हणता आलं असतं.

आणि मी न कळून बोलणारा माणूस नाही, माझा तर तो धंदाच आहे. मी ज्या कारखान्यात काम करतो तिथे नवी टेबलं जुनी करतात. उपाहारगृहांना लागतात. नव्या लाकडावर साखळीने मारायचं, कडा घासायच्या, चहाच्या कपाची वर्तुळं उमटवायची, आणि मग प्रत्येक टेबलाबरोबर एक छोटीशी गोष्ट जोडून द्यायची: हे एका जहाजाच्या भटारखान्यातलं, हे एका बंद पडलेल्या शाळेतलं. गोष्टी मी जोडतो. माझ्या हाताखालून गेलेल्या जहाजांचं एक लहानसं आरमार सहज झालं असतं. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात की झीज कुठेही करायची नाही. माणसाचं कोपर जिथे टेकेल, गुडघा जिथे लागेल तिथेच करायची, नाहीतर गिऱ्हाईक फसत नाही. म्हणजे घरी खरी झीज, जिच्यावर कुणी साखळी मारलेली नाही, आणि मी तिच्यावर टेबलाची गोष्ट चिकटवून आलो. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर एका टेबलाची कड घासत असताना मला एकदम कानापर्यंत गरम झालं. तोंडात किल्ली धरल्यासारखी चव आली. लाज ही गोष्ट मी आजवर अशी समजत होतो की ती चारचौघांत वाटते. पण इथे माझ्याशिवाय एक अर्धवट म्हातारं टेबल सोडून दुसरं कुणी नव्हतं, तरी मला वाटलं की मान खाली घालावी. घातली. खाली माझेच बूट होते. समुद्र कशाला सांगितला मी? बाबांची लाज वाटली म्हणून. सत्तरीला टेकलेला एक सभ्य माणूस, ज्याने कुणाचं वाकडं केलं नाही, फक्त गाडी पुसली, त्याची मला परक्या लोकांत लाज वाटली. आणि मग तशी लाज वाटली याची लाज वाटली. एकावर एक अशी दोन पुटं चढली. खालचं वाळायच्या आत वरचं दिलं की रंगाला फोड येतात म्हणे.

शेवटी मी अध्यक्षांना फोन केला. जेवणाच्या सुट्टीत, कारखान्याच्या मागच्या जिन्यावर उभं राहून. पाठ केलं होतं. म्हटलं, "त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. समुद्रबिमुद्र काही नाही. ती गाडी कुठेही गेलेली नाही. माझ्या वडिलांना चालवता येत नाही. ते फक्त पुसतात." अध्यक्षांचा आवाज आला तो भिजलेला. "कुठेही गेलेली नाही?" ते म्हणाले. "अहो, मग हे आधी का नाही बोललात! फिरलेल्या गाड्या रग्गड आहेत. न फिरलेली, मूळ रंगातली, आणि पुसून झिजलेली! अशी जगात दुसरी नसेल हो." मी म्हणालो, "मी माफी मागायला फोन केलाय." ते म्हणाले, "माफी कसली, तुम्ही आमच्यावर उपकार केलेत. एक करा, पुढच्या मेळाव्याला वडिलांना नक्की आणा. आपण छोटासा मंच बांधू. ते पुसून दाखवतील." मी विचारलं, "काय?" ते म्हणाले, "गाडी हो. थोडीशीच. लोकांना हात कसा फिरतो ते दिसेल." मी जिन्यावर बसलो. माणूस चोरी कबूल करायला चौकीत जावा आणि त्यांनी त्याचा सत्कार करावा, तसं झालं. खोटं बोललो ते वाया गेलं, कारण खरं जास्त खपणारं निघालं. आणि खरं बोललो तेही वाया गेलं, कारण आता बाबा मंचावर फडकं घेऊन उभे होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी डोळे मिटले तरी ते पुसतच होते. मधूनच थांबून, रेघ राहिली का ते बघायला मान तिरपी करत होते.

घरी आलो तेव्हा उजेड होता आणि बाबा खाली गाडीपाशीच होते. पुसत नव्हते. खांबाला टेकून नुसते तिच्याकडे बघत होते. बघण्याची ही पद्धत मी ओळखतो, कामावर असताना ते असेच बघत असणार: कुठून मार बसला, आत कुठवर गेलाय. मी मंडळाचं सगळं सांगितलं. फोन, माफी, उपकार, मंच. मंचाचं सांगताना हसून सांगायचा प्रयत्न केला, पण ते हसणं कुठे ठेवावं कळेना. बाबा म्हणाले, "अध्यक्षांना म्हणावं तुमचे केस आणा, तेही पुसून देतो." मग म्हणाले, "मी तिकडे पोचलो का रे?"

"कुठे?"

"घाटात होतो ना मी. धुकं होतं. तू एकदम बोलायचा थांबलास. माथ्यावर पुढे काय होतं?"

ते टोमणा मारताहेत की खरंच विचारताहेत, मला कळेना. बाबांचा चेहरा असा आहे की त्यावर विनोद आणि विम्याचा अहवाल सारखेच दिसतात. मी म्हणालो, "बाबा, चुकलं माझं."

"ते जाऊ दे. तू खोटं बोललास म्हणून मला वाईट वाटलं असं धरून चाललायस तू. तसं नाही. मागे उभा राहून ऐकत होतो आणि वाटत होतं, हा कोण बुवा? एका हाताने स्टिअरिंग धरतो, मूर्ख आहे, पण मला आवडला. आणि मग मी गाडीकडे बघितलं." त्यांनी बॉनेटवरच्या तांबूस डागाकडे बोट केलं, लावलं नाही. "एवढी वर्षं मी तिच्याभोवती फिरलो. तिने मला फिरवलंच नाही. ती काय करणार बिचारी, मी बसून किल्ली फिरवली की मला त्या सगळ्या दिसायच्या. पांढरी. ती लाल, छोटी. एकीच्या मागच्या सीटवर एक चप्पल होती, एकच." एवढं ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. मेळाव्याला जाताना ते त्यांच्या स्वतःच्या गाडीतून पहिल्यांदा रस्त्यावर आले होते. मी चालवत होतो आणि ते वरची कडी धरून प्रत्येक चौकात डोळे मिटत होते, आणि मला वाटलं होतं, झोप येतेय. मी विचारलं नव्हतं. मला मेळाव्याला वेळेवर पोचायचं होतं.

"म्हणूनच रंगवायला नको," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणासाठी नाही. मंचबिंच गेलं खड्ड्यात. तुमचा हात आहे तो, बाबा. रंग दिला की घासून काढतील सगळं. मग काय राहील?"

"हात माझ्याजवळ आहे," बाबा म्हणाले आणि तो पुढे करून दाखवला, उलटा, सुलटा. "ते डाग म्हणजे माझी भीती आहे. तुला ती छान दिसते. तुझ्या अध्यक्षाला छान दिसते. भीती काय जपून ठेवायची गोष्ट आहे? वर कापड घालून न्यायची, लोकांना दाखवायची?" ते चिडलेले नव्हते. समजावत होते. आणि मला समजत होतं, तेच वाईट होतं. मी त्यांच्यावर समुद्र पांघरला तेव्हा मला त्यांची लाज वाटत होती. आता तो काढून खालचं जपायला निघालो होतो, तेव्हाही मी त्यांना विचारलं नव्हतं. जुनं टेबल जसं काही विचारत नाही, तसं. गाडी आवडत होती मला, झिजलेली. खरं तर झिजलेलीच आवडत होती. दुसऱ्याच्या घाबरण्यावर मी मान तिरपी करून उभा होतो आणि प्रकाश कसा पडतो ते बघत होतो. वरून आईने गॅलरीतून हाक मारली, "काय ठरलं पुसणिसांचं? रंग की बिनरंग?" बाबा वर बघून म्हणाले, "रंग." आई म्हणाली, "बरं झालं. जन्मभर तिचंच अंग चोळून दिलंत, माझ्या पाठीला कधी हात लागला नाही." पलीकडच्या गॅलरीत कुणीतरी खोकलं. मला पुन्हा कानापर्यंत गरम झालं, पण या वेळी निदान तिघांत वाटून घेता आलं असतं. बाबांना काहीच वाटलेलं दिसलं नाही.

शनिवारी आम्ही गाडी रंगाऱ्याकडे नेली. लांबलचक शेड, आत ओळीने उघड्यावाघड्या गाड्या, कागद चिकटवलेल्या काचा, थिनरचा वास. माणसं बरीच होती. शनिवार म्हणजे सगळ्यांनाच रंग आठवतो. रंगाऱ्याने बॉनेटवर नखाने टकटक केलं आणि म्हणाला, "काका, मूळचा पारवा मिळवून देतो. बिजागरीपाशी नमुना आहेच."

"पिवळा," बाबा म्हणाले.

रंगाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. "क्रीम म्हणायचंय त्यांना," मी रंगाऱ्याला म्हणालो.

"पिवळा," बाबा म्हणाले. "लिंबासारखा. लांबून दिसला पाहिजे. करड्या, पारव्या, राखाडी, या गाड्या संध्याकाळी रस्त्यात मिसळून जातात. समोरच्याला दिसतच नाहीत. मी बघितल्यात." रंगारी म्हणाला, "काका, एवढ्या जुन्या गाडीला असला पिवळा कोण लावतो?" बाबा म्हणाले, "ज्याला लोक आधीच बाजूला झालेले हवेत तो." आणि मग माझ्याकडे वळून, आवाज उतरवून, औषधाचं सांगावं तसं सांगितलं, "सोमवारपासून गाडी शिकायला जातोय. तुझ्या आईला बोललोय. ती म्हणाली, चालवा खुशाल, कुठे जायचं ते मी ठरवणार."

मी हिशेब करायला लागलो, बाबांच्या वयाचा, चष्म्याचा, चौकांचा. आणि त्या हिशेबाच्या मागे, माझ्या नकळत, दुसरंच काहीतरी उभं राहिलं: मैदानावर ओळीने लागलेल्या गाड्या आणि त्यांच्यामध्ये आमची लिंबासारखी पिवळी, आणि अध्यक्ष तिच्यापुढून डोळ्यांवर हात धरून जाताहेत. आणि स्टिअरिंगमागे म्हातारा, खिडकीला नवशिक्याची पाटी. मला लाज वाटली. जुनी नव्हे, आत्ता ताजी आलेली, ओली. मी एवढं सगळं होऊनसुद्धा तिथेच होतो. रंगारी डबा कुठला उघडायचा ते विचारत होता. "बोला साहेब, पिवळा करू का? एकदा घासायला घेतलं की परत फिरता येत नाही." बाबा माझ्याकडे बघत होते. परवानगी मागतात तसे, आणि ते मला अजिबात सहन होईना. मी म्हणालो, "करा." ते इतकं हळू निघालं की रंगाऱ्याने कानाला हात लावून विचारलं, "काय म्हणालात?"

तेव्हा मी ओरडलोच. पलीकडच्या कंप्रेसरपाशी उभ्या माणसालाही ऐकू जावं म्हणून. "पिवळी करा म्हणालो! आमचे बाबा गाडी शिकताहेत! त्यांना चालवता येत नाही, कधीच येत नव्हती, नुसती पुसायचे, आता शिकताहेत! चांगली भडक पिवळी करा!"

कंप्रेसर तेवढ्यात बंद पडला होता. शेडभर सगळे वळून बघत होते. एकजण हसला, एकाने हातातलं कागदाचं भेंडोळं खाली ठेवलं. माझे कान पेटले होते आणि मला पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून मी तसाच उभा राहिलो. "एवढं बोंबलायला काय झालं?" बाबा दातांतल्या दातांत म्हणाले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी रंगाऱ्याकडे बघून, काय करणार, अशी मान हलवली आणि जरा बाजूला सरकून दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीपाशी उभे राहिले, जणू मी त्यांच्याबरोबर आलेलोच नव्हतो.